घरी आलेला संगणक आणि त्यावर असावीत अशी साधने

आमच्या बोरी बुद्रुकच्या परिसरास संगणक नवा नाही. गावाजवळच खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप ह्यांच्या कल्पनेतून उभारलेली प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या आकाशातून येणारे अतिक्षीण रेडिओ-तरंग टिपतात आणि त्या सर्वांची जुळणी संगणक करतात. शिक्षकी पेशात असताना आम्ही मुलांस घेऊन तेथे कितीदा तरी गेलो आणि संगणकाचा महिमा त्यांस मोठ्या उत्साहाने सांगितला. परंतु गेल्या दिवाळीत पाडव्याच्या मुहूर्तावर तेच यंत्र आमच्या माजघराशेजारच्या खोलीत मेजावर येऊन बसले, तेव्हा त्याचे करावयाचे काय, हे मात्र आम्हांस सांगता येईना!

पहिला पंधरवडा नातवंडांच्या खेळांत आणि पुतण्याच्या चित्रपटांत गेला. मग एके दिवशी थोरल्या सूनबाईंनी सहज विचारले, "बाबा, ह्यात घरखर्चाचा हिशेब ठेवता येईल ना? वही दरवर्षी हरवते." त्या प्रश्नाने आमचे डोळे उघडले. बाजारातून नवे भांडे आणले की त्यात काय शिजवावयाचे हे आपण आधी ठरवलेले असते. ह्या यंत्राच्या बाबतीत आम्ही भांडे आधी आणले आणि विचार मागाहून करू लागलो. पुष्कळ घरांत असेच होत असावे. म्हणून गेल्या काही महिन्यांत आमच्या घरात जी साधने उपयोगी ठरली, त्यांची हकीकत वाचकांपुढे ठेवतो.

निवडीचा नियम

मोबाइल घरातील प्रत्येकाच्या हाती आहे, मग हे धूड कशास, असे कोणी विचारील. मोबाइल हा निरोप्या आहे; बोलावणे पोचवणे, छायाचित्र दाखवणे, बातमी आणणे ही त्याची कामे तो चोख करतो. परंतु लांब पत्र, वर्षाचा हिशेब, मुलांचा अभ्यास, जुन्या कागदांची जपणूक, घराण्याचा वृत्तांत ही बैठकीची कामे होत. त्यांस मोठा पडदा, स्वतंत्र कळफलक आणि स्वस्थ आसन लागते. मेजावरचा संगणक हा घरचा दप्तरदार समजावा. दप्तरदार नेमताना शहाणा यजमान तीन गोष्टी पाहील. त्यास आपली भाषा लिहिता येते काय? त्याने लिहिलेले दुसऱ्यास वाचता येते काय? आणि उद्या तो सोडून गेला, तर दप्तर आपल्या हाती राहते काय? कोणताही प्रोग्रॅम संगणकावर घेताना ह्याच तीन कसोट्या लावाव्या.

पुढे सांगितलेली बहुतेक साधने विनामूल्य आहेत आणि त्यांतील बरीचशी 'मुक्त' वर्गातील आहेत. मुक्त म्हणजे त्यांची आतील घडण सर्वांस पाहावयास व सुधारावयास खुली असते. एका कर्त्याने काम सोडले तरी दुसरा ते पुढे नेऊ शकतो. तिसऱ्या कसोटीच्या दृष्टीने हा मोठाच आधार होय.

पहिले काम कुलुपाचे

नव्या घरात सामान लावण्यापूर्वी आपण दाराची कडी तपासतो. संगणकाचेही तसेच. यंत्रावर विंडोज असेल, तर प्रथम तिची अद्ययावत आवृत्ती चढवून घ्यावी. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. म्हणून कोणी जुने यंत्र स्वस्तात देऊ करील, तर त्यावर विंडोज ११ चालते काय हे विचारूनच घ्यावे. चालत नसल्यास लिनक्स मिंटसारखी विनामूल्य व्यवस्था त्यावर बसवता येते आणि ह्या लेखातील जवळजवळ सर्व साधने तिच्यावरही चालतात. विंडोजबरोबर डिफेंडर नावाचा रखवालदार आलेलाच असतो. सामान्य घरास तो पुरतो. वेगळा विकत घेण्याची घाई करू नये.

प्रत्येक प्रोग्रॅम त्याच्या मूळ कर्त्यांच्या संकेतस्थळावरूनच उतरवावा. शोधयंत्रात नाव घातले की पुष्कळदा वरच जाहिराती येतात आणि त्यांत हुबेहूब दिसणारी बनावट दुकानेही असतात. "तुमचा संगणक बिघडला आहे, आम्ही दुरून दुरुस्त करतो," असे सांगणाऱ्या अनोळखी माणसाच्या म्हणण्यावरून कोणताही प्रोग्रॅम कदापि चढवू नये. तो चोरास किल्ली देण्याचाच प्रकार होय. दुर्दैवाने पैसे गेलेच, तर लाज न बाळगता तत्काळ १९३० ह्या शासकीय दूरध्वनी क्रमांकावर कळवावे. विलंब होईल तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी होते.

अण्णांचे दप्तर

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे मराठी लेखनाकडे वळतो. त्याचे महत्त्व आम्हांस ज्या प्रसंगाने कळले, तो सांगणे प्राप्त आहे.

आमचे थोरले बंधू कै. अण्णा ह्यांनी निवृत्तीनंतर घराण्याची हकीकत आणि स्वतःच्या आठवणी लिहून काढल्या होत्या. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडावयास गेलेली गावची माणसे, कोरड्या पडलेल्या विहिरी, त्या वर्षी आमच्या मातोश्रींनी घर कसे चालवले, हे सारे त्यांत होते. २००२ साली त्यांनी एका टंकलेखकाकडून तो मजकूर संगणकावर चढवून घेतला. मजकुराची तबकडी घरी आली. हस्तलिखित मात्र परत आले नाही. "देतो, देतो" म्हणता म्हणता त्या गृहस्थांचे दुकानच बंद झाले. २०११ साली अण्णा गेले. तबकडी कपाटात जपून ठेवली आहे, म्हणजे सर्व काही सुरक्षित आहे, असे आम्ही धरून चाललो.

नव्या यंत्रास तबकडी वाचण्याची खाच नव्हती. पुतण्याने निराळे जोडयंत्र आणले. सर्व मंडळी भोवती जमली. पडद्यावर जे उमटले त्यात मराठीचे एक अक्षर नव्हते. इंग्रजी अक्षरे, टोप्या घातलेले परदेशी स्वर, अधूनमधून प्रश्नचिन्हे, अशी पानेच्या पाने. वहिनी शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी हळूच विचारले, "भावोजी, हे ह्यांनी लिहिलेले आहे?" आम्हांस उत्तर सुचेना.

दोष कशात होता हे मागाहून कळले. संगणकास अक्षर ठाऊक नसते. त्यास केवळ क्रमांक ठाऊक असतो. त्या काळच्या पुष्कळ मराठी फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्याच क्रमांकांवर मराठी आकार बसवलेले असत. फॉन्ट यंत्रावर असेपर्यंत मजकूर मराठी दिसे. फॉन्ट गेला की मराठीचे सोंग उतरून खालचे इंग्रजी क्रमांक उघडे पडत. प्रत्येक कारखानदाराची मांडणी निराळी, त्यामुळे एकाचे लिहिणे दुसऱ्यास वाचता येत नसे. ह्यावरचा उपाय म्हणजे युनिकोड. १९९१ पासून अस्तित्वात आलेल्या ह्या जागतिक संकेतात जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षरास स्वतःचा क्रमांक दिलेला आहे. आपल्या 'क' चा क्रमांक २३२५. तो बोरीतही तोच आणि बोस्टनमध्येही तोच. युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर कोणत्याही फॉन्टात पाहा, 'क' हा 'क' च राहतो.

जुन्या फॉन्टांतील मजकूर युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक प्रोग्रॅम मिळतात. एकाने आमचे बरेचसे काम केले, परंतु रफार भलत्याच अक्षरावर चढले आणि पहिल्या वेलांट्या शेजारच्या घरी गेल्या. तीन आठवडे रोज रात्री जेवणे झाल्यावर एकाने वाचावे आणि दुसऱ्याने दुरुस्त करावे, असा क्रम चालला. गावांची व आप्तांची नावे वहिनींनी सांगितली. अखेर शेवटच्या प्रकरणाखेरीज सर्व वाचता येऊ लागले. ते प्रकरण मात्र तबकडीच्या ओरखड्याखाली गेले होते. ते कोणत्याच उपायाने उघडेना. आणि नेमके तेच मातोश्रींवर होते.

कळफलक आणि वर्णमाला

हा अनुभव येताच घरातील सर्वांनी युनिकोडमध्येच लिहावयाचे, असा आम्ही नियम केला. विंडोजच्या भाषाविषयक मांडणीत 'मराठी' निवडली की इन्स्क्रिप्ट कळफलक विनामूल्य मिळतो. इंग्रजी अक्षरांनी मराठी उच्चार टंकण्याची सोयही आहे आणि घाईच्या कामास ती बरी. परंतु ज्यांस नियमाने लिहावयाचे आहे, त्यांनी इन्स्क्रिप्टच शिकावा, असा आमचा आग्रह आहे. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ही मांडणी प्रमाण केली, आणि ज्याने थोडेसे व्याकरण वाचले आहे त्यास ती पाहून आनंद झाल्याखेरीज राहणार नाही.

डाव्या हाताखाली स्वर, उजव्या हाताखाली मुख्यतः व्यंजने. उजव्या हाताची मधली ओळ पाहा: प, र, क, त, च, ट. तिच्या वरची ओळ: ब, ह, ग, द, ज, ड. म्हणजे 'क' च्या डोक्यावर 'ग', 'त' च्या डोक्यावर 'द', 'प' च्या डोक्यावर 'ब'; कठोराच्या वर त्याच वर्गातील मृदू. तीच कळ शिफ्टसह दाबली की अल्पप्राणाचा महाप्राण होतो: 'क' चा 'ख', 'ग' चा 'घ', 'द' चा 'ध'. 'ल' शिफ्टसह दाबल्यास आपला लाडका 'ळ' येतो आणि 'स' चा 'श' होतो.

डाव्या हाताकडे तर गुण आणि वृद्धी शेजारी नांदतात! मधल्या ओळीत ओकार, एकार, हलन्त, ऱ्हस्व इकार व ऱ्हस्व उकार. त्यांच्या बरोबर वर औकार, ऐकार, आकार, दीर्घ ईकार व दीर्घ ऊकार. शिफ्ट दाबल्यास मात्रेऐवजी पूर्ण स्वर उमटतो. मुलांस वर्णमालेतील हे नाते जे आम्ही खडूने फळ्यावर अनेक वर्षे समजावीत आलो, ते येथे बोटांस आपोआप पाठ होते. आमच्या आठ वर्षांच्या नातीस आठवड्यात जागा कळल्या. "आजोबा, ह्याच्या वरचा 'ग' च असणार," असे ती न पाहता सांगू लागली, तेव्हा आम्हांस धन्य वाटले.

नवशिक्यांच्या दोन अडचणी येथेच सोडवतो. पहिली वेलांटी दिसते व्यंजनाच्या आधी, परंतु टंकावयाची उच्चाराप्रमाणे, म्हणजे व्यंजनानंतर. जुन्या टंकलेखन यंत्रावर ती आधी ठोकावी लागे. ती सवय मोडावी. दुसरी अडचण रफाराची. 'र', हलन्त, 'य' असे टंकले की 'र्य' होतो. 'र' शिफ्टसह दाबून मग हलन्त व 'य' टंकले की 'ऱ्य' होतो. हा भेद क्षुल्लक मानू नये. मुंजीच्या निमंत्रणात आचार्यांची दक्षिणा आचाऱ्यांच्या हाती पडावयाची!

हिशेब, पत्रे आणि कागद

लेखनासाठी व हिशेबासाठी लिब्रेऑफिस हा संच घ्यावा. ओपनऑफिस नावाच्या जुन्या मुक्त संचातून २०१० साली तो वेगळा निघाला आणि आजही वाढत आहे. आम्ही वर सांगितलेल्या तिसऱ्या कसोटीचे हे उत्तम उदाहरण होय. त्यातील रायटर हे पत्रलेखनासाठी, तर कॅल्क हे हिशेबाच्या तक्त्यासाठी. त्याची स्वतःची साठवण-पद्धती खुली आणि आंतरराष्ट्रीय मानकसंस्थेने २००६ साली प्रमाण केलेली आहे. आपल्या प्रती त्याच पद्धतीत ठेवाव्या. दुसऱ्यास पाठवावयाची प्रत पीडीएफ करून पाठवावी, म्हणजे मांडणी बिघडत नाही.

सूनबाईंचा हिशेब कॅल्कमध्ये सुरू झाला. तारीख, बाब, रक्कम, कोणी खर्च केला, असे चारच रकाने. बेरीज आपोआप होते. एकत्र कुटुंबात खर्चाविषयी जी अस्पष्ट कुरबुर चालते, तिच्यापैकी निम्मी तरी स्पष्ट आकड्यापुढे शमते, असे आमच्या घरापुरते आम्ही सांगू शकतो. महिना संपला की तक्ता छापून फळीवर अडकवला जातो आणि सर्वांस समान दिसतो.

जुने दस्तऐवज, पत्रे, जन्मटिपणे ह्यांच्या प्रतिमा घेण्यासाठी स्कॅनर असल्यास नॅप्स-टू हा लहान प्रोग्रॅम सोपा आहे. अनेक पानांची एकच पीडीएफ तो करून देतो. फाइलीचे नाव मात्र 'नवीन १', 'नवीन २' असे ठेवू नये. प्रथम वर्ष, मग विषय, असे ठेवावे: '१९५८-विहीर-करार'. म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते. जमिनीचा सातबारा पाहावयाचा असल्यास महसूल विभागाच्या महाभूलेख संकेतस्थळावर तो पाहता येतो; त्यासाठी खेप घालावी लागत नाही.

वाचन आणि अभ्यास

संकेतस्थळे पाहण्यासाठी फायरफॉक्स हा मुक्त प्रोग्रॅम आम्ही वापरतो. त्यात पुढील ठिकाणे खुणेच्या यादीत घालून ठेवावी. वाईहून सिद्ध झालेला मराठी विश्वकोश आता घरबसल्या वाचता येतो. मोल्सवर्थचा १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीचा शब्दकोश आणि दाते-कर्वे ह्यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाने शोधण्याच्या सोयीसह ठेवले आहेत. जाडजूड खंड काढून धूळ झटकण्याचे श्रम वाचतात. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. तेथील माहिती मात्र दुसऱ्या आधाराशी ताडून घ्यावी.

नातवंडांस हे शोधणे शिकवताना आम्ही विषय आपल्याच गावाचा दिला. कुकडीच्या काठी बोरीस अश्मयुगातील दगडी हत्यारे आणि त्यांच्याजवळ ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला, हे मुलांस ठाऊक नव्हते. ही राख सुमात्रा बेटातील तोबा ज्वालामुखीची असे अनेक संशोधक मानतात; तिच्या वयाविषयी मात्र विद्वानांत मतभेद आहे. एक जण चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर हजार वर्षे म्हणतो, दुसरा कितीतरी लक्ष वर्षे. मुले गोंधळली. "मग खरे कोणते, आजोबा?" आम्ही म्हणालो, "पुस्तकातही मतभेद असतात, तसेच येथेही. कोण, केव्हा आणि कशावरून सांगतो, हे आधी पाहा." संगणकावरील वाचनाचा हा पहिला धडा होय.

गणितासाठी जिओजेब्रा अवश्य घ्यावे. त्रिकोण काढून त्याचा शिरोबिंदू ओढावा. तीनही कोन बदलत राहतात, बेरीज मात्र १८० अंशांवरून हलत नाही. प्रमेयाची सिद्धता त्याने होत नाही हे मुलांस बजावावे, परंतु सिद्धतेची जिज्ञासा त्याने खचित जागी होते.

आणखी एक आनंदाचे साधन म्हणजे स्टेलॅरियम. आपले स्थळ आणि वेळ घातली की तेथले आकाश पडद्यावर उभे राहते. पंचांगात चंद्र रोहिणीत लिहिला असेल, तर येथे तो रोहिणीपाशी पाहावा आणि मग अंगणात जाऊन खरा पाहावा. २२ जुलै २००९ रोजी सुरत, वाराणसी, पाटणा ह्या पट्ट्यातून खग्रास सूर्यग्रहण गेले. पावसाळी ढगांमुळे आम्हांस ते गावाहून खंडग्रासही दिसले नव्हते. ती सकाळ आम्ही ह्या प्रोग्रॅमात पुन्हा उगवली!

आवाज आणि आठवण

गाणी व चित्रफिती ह्यांसाठी व्हीएलसी घ्यावा. फ्रान्समधील विद्यार्थ्यांच्या उद्योगातून निघालेला हा प्रोग्रॅम जवळजवळ प्रत्येक प्रकारची फीत वाजवतो. ध्वनिमुद्रणासाठी ऑडॅसिटी हे साधन आहे. त्यात तांबडे बटण दाबले की मुद्रण सुरू होते, आणि मधला खोकला वा कुकरची शिटी मागाहून कापता येते.

ह्याच साधनाने आमचे अडलेले काम पुढे नेले. अण्णांनी प्रत्येक प्रकरण लिहून झाले की वहिनींस वाचून दाखवले होते. शेवटचे प्रकरण त्यांस आठवते काय, असे आम्ही भीतभीतच विचारले. वहिनी आता ऐंशी ओलांडलेल्या आहेत. त्या म्हणाल्या, "शब्द आठवायचे नाहीत, पण गोष्ट आठवते." चार दुपारी त्या बोलल्या. त्यात त्यांच्या स्वतःच्या आठवणीही मिसळल्या. अण्णांनी न लिहिलेल्या गोष्टी त्यांत निघाल्या, कारण दुष्काळातील चुलीपाशी त्या मातोश्रींजवळ बसलेल्या होत्या आणि अण्णा त्या वेळी पुण्यास नोकरीवर होते. नातवाने ते ऐकून इन्स्क्रिप्टवर टंकले. प्रकरणाखाली अण्णांचे नाव घालावयाचे की नाही, असा प्रश्न निघाला. वहिनींनी सांगितले, "माझे नाव घाला. मी सांगितले आहे." तसेच केले.

जपणूक

राहिली ती जपणूक. एक प्रत म्हणजे शून्य प्रत, हे आम्ही तबकडीपासून शिकलो. आता महत्त्वाच्या प्रत्येक फाइलीच्या तीन प्रती आम्ही ठेवतो: एक संगणकात, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, तिसरी परगावी, आमची तिसरी नाशिकास पुतणीकडे असते. दर अमावास्येस प्रत काढावयाची, असा घरात नेम आहे. तिथीस बांधलेले काम आमच्या घरी सहसा चुकत नाही. वर्षातून एकदा ती प्रत उघडून पाहावी. कपाटात आहे म्हणजे वाचता येते, असे मुळीच नाही. पासवर्डांसाठी कीपास हा प्रोग्रॅम चांगला आहे. त्याची मुख्य किल्ली मात्र घरातील दोघांस तरी ठाऊक असावी. अशी किल्ली एकाबरोबरच गेल्यास दप्तर असून नसल्यासारखे होते.

ह्याखेरीज शेकडो प्रोग्रॅम आहेत आणि मुले ते आपल्याला शिकवतीलच. आरंभास इतके पुरे. ज्यांच्या घरी नवे यंत्र आले असेल, त्यांनी पहिल्या दिवशी मराठी कळफलक चालू करावा, दुसऱ्या दिवशी लिब्रेऑफिस घ्यावे आणि तिसऱ्या दिवशी कपाटातील जुन्या तबकड्या एकदा उघडून पाहाव्या. त्यांतील काही वाचता आले नाही, तर ज्यांस ते आठवते त्यांच्यापाशी जाऊन बसण्यास विलंब करू नये.